गॅलागाचं कॅबिनेट: ट्यूब मिळाली, जुळवणी सुरू

गॅलागा या जुन्या आर्केड व्हिडिओ गेमचं कॅबिनेट मी दुरुस्त करतोय. त्याच्या मॉनिटरचे कपॅसिटर बदलून झाल्यावर चित्र स्थिर झालं, कडा सरळ आल्या, पण रंग उजळले नाहीत. लाल रंग अजून उजवीकडे ओघळतो आणि ब्राइटनेस वाढवला की पांढरा भाग चंदेरी होऊन फुगतो. ही थकलेल्या कॅथोडची (ट्यूबमधल्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाची) लक्षणं. चेसिस (मॉनिटरचा सर्किट बोर्ड) ठणठणीत आहे, फ्लायबॅकही (ट्यूबला उच्च दाब देणारा ट्रान्सफॉर्मर) चांगला आहे. त्यामुळे अख्खा मॉनिटर शोधणं मी सोडून दिलं. हवी होती ती फक्त १९ इंची पिक्चर ट्यूब, आणि ती जुन्या रंगीत टीव्हीतूनही मिळते; मला तशीच मिळाली.

एलसीडी बसवायचा विचार केला होता. गेमचा बोर्ड १५ किलोहर्ट्झचा सिग्नल देतो, साध्या व्हीजीए मॉनिटरला ३१ लागतात, म्हणजे मध्ये कन्व्हर्टर आला. शिवाय गॅलागाचं चित्र २२४ × २८८, सेकंदाला ६० पेक्षा किंचित जास्त वेळा बदलणारं. ते ६० वर बसवताना अधूनमधून एखादी फ्रेम गळते आणि सरकणाऱ्या ताऱ्यांत ती मला लगेच दिसते. रुंद पडदा उभा केला तर उंचीला कॅबिनेटात मावत नाही, ही आणखी अडचण. १९८१ च्या या खेळाला काचेची ट्यूबच शोभते, यावर मी ठाम आहे.

टीव्ही निवडताना इंचांइतकंच महत्त्व मानेला (ट्यूबच्या मागच्या निमुळत्या नळीला) आणि योकला (मानेभोवतीच्या, किरण वळवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्यांना). मानेची जाडी नि पिनांची मांडणी आपल्या नेक बोर्डच्या (मानेच्या टोकाला बसणाऱ्या छोट्या बोर्डच्या) सॉकेटशी जुळली पाहिजे. मग योकच्या दोन्ही गुंडाळ्या मोजायच्या. माझ्या जुन्या योकची आडवी गुंडाळी १.९ ओहम, नव्याची २.२. उभी ११ आणि १३. इतक्या कमी ओहमला मल्टिमीटरच्या वायरींचा रोध वजा केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. आडव्या गुंडाळीचा इंडक्टन्सही एलसीआर मीटरने पाहिला, तो बराच जवळ निघाला. उरलेला फरक विड्थ कॉइलवर (चित्राची रुंदी जुळवणाऱ्या कॉइलवर) निभावेल असं वाटतं.

नव्या ट्यूबवर तिचाच योक ठेवतोय. योकखालच्या रबरी पाचरी आणि मानेवरची चुंबकी कडी कारखान्यात जुळवलेली असतात. जुना योक चढवला तर प्युरिटी (पडद्यावर प्रत्येक रंग स्वच्छ दिसणं) आणि कन्व्हर्जन्स (तिन्ही रंग एकमेकांवर नेमके बसणं) दोन्ही पहिल्यापासून करत बसावं लागतं.

ट्यूब काढताना अॅनोडचा (ट्यूबच्या उच्च दाबाच्या टोकाचा) चार्ज उतरवला. त्यासाठी स्क्रूड्रायव्हरला बांधलेली वायर ट्यूबच्या पाठीवरच्या उघड्या अर्थ जाळीला जोडायची, चेसिसला नाही. थोडा वेळ थांबून पुन्हा उतरवायचा, कारण काचेत चार्ज परत साठतो. मानेला धक्का लागू द्यायचा नाही. तिथे बारीक तडा गेला तरी हवा शिरते आणि ट्यूब संपली.

आता अडलंय ते कानांवर, म्हणजे ट्यूब फ्रेमला बोल्ट करायच्या कोपऱ्यांवरच्या पट्ट्यांवर. टीव्हीच्या ट्यूबचे कान फ्रेमच्या भोकांपासून बोटभर आत येतात. जाड लोखंडी पट्ट्या मधे घालून बोल्ट करणार आहे, पण ट्यूब उभी बसवायची असल्याने सगळं वजन एका बाजूला येतं. उभ्या कॅबिनेटात हे कुणी केलं असेल तर पट्टीची जाडी किती ठेवली ते सांगा. ट्यूब बसली की आधी बी प्लस (चेसिसचा मुख्य डीसी व्होल्टेज) मोजेन, मग डिगॉस करून (ट्यूबमधलं चुंबकत्व घालवून) प्युरिटी बघेन.