काँट्रॅक्टवर काम घेताना डेटाबेस मायग्रेशनच का निवडलं? माझा अनुभव

आयटीत दहाएक वर्षं नोकरी केल्यावर स्वतंत्रपणे काँट्रॅक्टवर कामं घ्यायचं ठरवलं. राजीनामा देणं त्यातल्या त्यात सोपं गेलं. अडलं ते ‘नेमकं कशातलं काम घेणार?’ या प्रश्नावर. सर्व्हिस कंपनीत हा प्रश्न कधी पडत नाही. मॅनेजर ज्या प्रोजेक्टवर टाकेल ते आपलं स्पेशलायझेशन. त्यामुळे माझ्या बायोडेटात जावा होतं, ओरॅकल या डेटाबेसमध्ये प्रोग्रॅम लिहायची भाषा पीएल-एसक्यूएल होती, थोडं टेस्टिंग होतं, आणि एक अख्खं वर्ष एक्सेलमध्ये स्टेटस रिपोर्ट भरण्यात गेलेलं होतं (त्याला मी ‘प्रोजेक्ट को-ऑर्डिनेशन’ असं भारदस्त नाव दिलेलं). बाहेर मात्र रिक्रूटर पहिल्याच फोनवर विचारतो, “मॅडम, प्रायमरी स्किल काय टाकू?” आणि त्या रकान्यात एकच गोष्ट मावते.

सल्ल्यांना तोटा नव्हता. एक जुना सहकारी म्हणाला, सॅप शीक (मोठ्या कंपन्यांचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर). त्यांच्या ईसीसी या जुन्या सिस्टीमचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपतोय, सगळ्यांना नव्या एस/४ हानावर जायचंय, काम मिळेलच. म्हणणं खोटं नव्हतं. पण सॅपमध्ये पहिलं विचारतात ते ‘किती इम्प्लिमेंटेशन केलीत’, आणि ती केलेली माणसं पुण्यात आधीपासून रांगेत उभी आहेत. आतेभावाचा आग्रह क्लाउडचा. अॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडचं सर्टिफिकेट काढ म्हणाला, तीन वर्षं चालतं. ते काढताही आलं असतं, पण तेच सर्टिफिकेट हिंजवडीत बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसलेल्या निम्म्या लोकांकडे असणार, मग मलाच का बोलावतील?

शेवटी मी नोकरीच्या जाहिराती वाचणं बंद केलं. जाहिरातीतून कळतं कंपनीला रोज काय लागतं ते, आणि रोजच्या कामाला कंपनी पगारी माणूस ठेवते. बाहेरच्याला बोलावतात ते एकदाच करायच्या कामासाठी, जिथे घरचा माणूस त्यात तयार करणं परवडत नाही. रोजच्या वरणभाताला कोणी आचारी बोलावत नाही, मुंजीला बोलावतात.

या नजरेनं बायोडेटा पुन्हा वाचला, आणि जुनाट म्हणून मी तळाशी ढकललेलं पीएल-एसक्यूएलच कामाचं निघालं. लायसन्सचा खर्च डोईजड झाल्यामुळे ओरॅकल सोडून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर जाणाऱ्या कंपन्या आजूबाजूला दिसत होत्या. हेच ते डेटाबेस मायग्रेशन. पोस्टग्रेसला लायसन्स फी नाही. डेटाबेस बदलायची वेळ कंपनीवर क्वचितच येते. पोस्टग्रेस येणारी मुलं भरपूर आहेत, पण पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेलं दोन हजार ओळींचं पॅकेज (पीएल-एसक्यूएल कोडचा गठ्ठा) वाचून ‘यात नेमकं काय चाललंय’ हे सांगणारी माणसं कमी. मला तर अशी पॅकेजेस वाचायची सवयच होती.

मग घरी लॅपटॉपवर दोन्ही डेटाबेस टाकून सराव सुरू केला. ओरा-टू-पीजी नावाचं एक फुकट टूल आहे. ते ओरॅकलचा स्कीमा, म्हणजे डेटाबेसची रचना तपासून ए, बी किंवा सी असा दर्जा देतं. ए म्हणजे जवळपास आपोआप होईल, बी म्हणजे पाच दिवसांपर्यंत कोड हातानं बदलावा लागेल, सी म्हणजे त्याहून जास्त. हा रिपोर्ट कोणीही काढू शकतो. पैसे मिळतात ते रिपोर्टमध्ये न दिसणाऱ्या गोष्टींचे.

उदाहरण सांगते. चाकणकडची सुटे भाग पुरवणारी एक कंपनी. डेटा नव्या डेटाबेसमध्ये आला, आकडे जुळले, टेस्टिंग पास. जुनी आणि नवी सिस्टीम शेजारी-शेजारी चालवून बघत होतो, तेव्हा डिस्पॅचचे काका एक चलन घेऊन आले. “मॅडम, यावर पार्टीचा पत्ताच नाही.” काही चलनांवर पत्ता व्यवस्थित, काहींवर जागा कोरी. कारण असं, की ओरॅकल रिकामा मजकूर नल, म्हणजे ‘माहितीच नाही’, म्हणून साठवतं, आणि मजकुराला नल जोडलं तरी मजकूर तसाच राहतो. पोस्टग्रेसमध्ये दोन उभ्या रेघांनी (||, जोडणीची खूण) मजकुराला नल जोडलं की सगळंच नल होतं. ज्या पार्टीच्या पत्त्याची दुसरी ओळ रिकामी, तिचा पूर्ण पत्ता गायब! टेस्ट डेटात सगळ्यांच्या दोन्ही ओळी भरलेल्या होत्या, म्हणून तोवर कुणाला दिसलं नव्हतं. जिथे जिथे अशी जोडणी होती तिथे कोअॅलेस हे नलच्या जागी रिकामा मजकूर धरणारं फंक्शन लावलं. पण ती सगळी ठिकाणं शोधायला प्रत्येक रिपोर्टचा कोड उघडावा लागला. पुढच्या क्लायंटकडे मी पहिल्याच मीटिंगमध्ये पत्त्यांबद्दल विचारलं, आणि रेटवर फारशी घासाघीस झाली नाही.

निवडीत सीएचाही हात होता. मी सुरुवात केली तेव्हा आयकराच्या ४४एडीए कलमाखाली जमा रकमेची निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता यायची. वर्षाच्या जमेची मर्यादा ५० लाखांची, त्यात रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. सीए म्हणाले, “प्रत्यक्ष खर्च जितका कमी, तितकं हे तुमच्या पथ्यावर.” माझा खर्च लॅपटॉप आणि इंटरनेटचा. महागडी ट्रेनिंगं आणि भाड्याच्या सिस्टीम लागणारी लाइन घेतली असती तर हे गणित इतकं जमलं नसतं. पैसे वेळेवर येत नाहीत ही रड मात्र सगळ्याच लाइनमध्ये सारखी. थकलेल्या पैशांची तक्रार करायला उपयोगी पडते म्हणून उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) तेवढी करून ठेवा.

या कामाची खोट म्हणजे ते संपतं. मायग्रेशन झालं की क्लायंट खूश आणि आपण रिकामे. यावर थोडा उतारा पोस्टग्रेसच्या वेळापत्रकातच आहे: दरवर्षी नवी मोठी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला पाच वर्षंच सपोर्ट असतो. तेराव्या आवृत्तीचा सपोर्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला. त्याच्या आधी, दिवाळीच्या गडबडीत, जुन्या क्लायंटचे अपग्रेडसाठी फोन सुरू झाले. चाकणवाल्यांनी तर आधी कोटेशन मागितलं आणि मग हॅपी दिवाळी म्हटलं.