पगारवाढ नको म्हणणारा सेटर

मार्चअखेर केबिनमध्ये येणारा प्रत्येक जण एकच गोष्ट मागतो. 2023 च्या मार्चमध्ये आमचा सीएनसी सेटर, म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रं कामासाठी लावून देणारा कारागीर, आत आला आणि म्हणाला, "साहेब, या वर्षी माझी वाढ राहू द्या."

मला वाटलं, दुसरीकडे नोकरी लागली. तसं नव्हतं. वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, टाय-अप हॉस्पिटलात. त्याचा पगार 20,400, वाढ धरून 23,000 झाला असता. ईएसआयची पगारमर्यादा 21,000, त्यावर गेलं की माणूस योजनेबाहेर. म्हणजे 2,600 रुपये देऊन मी त्याच्या घरचं डायलिसिस बंद करणार होतो.

ही मर्यादा जानेवारी 2017 पासून हललेली नव्हती. ती ठरवणाऱ्यांनी कधी पगारपत्रक बनवलं नसावं.

एरवी लोक पगारातून होणाऱ्या ईएसआयच्या कपातीवरून भांडतात: "दवाखान्यात कधी गेलोच नाही, कापता कशाला?" याचे कापले जात होते 0.75 टक्के, म्हणजे 153 रुपये. मालक म्हणून माझे 3.25 टक्क्यांनी 663.

लेबर कन्सल्टंटचा सल्ला तयार होता: "कागदावर 20,900 ठेवा, वरचे रोख द्या." फी आपण नियम पाळण्यासाठी देतो आणि ऐकायला हे मिळतं. रोखीचा पैसा ना पीएफमध्ये दिसतो, ना ग्रॅच्युइटीत. तपासणीत मान मात्र मालकाची.

मग मीच नियम काढून बसलो. या कपातीचे, म्हणजे वर्गणीचे, दोन हंगाम असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. हंगाम सुरू झाल्यावर पगार मर्यादेवर गेला, तर हंगाम संपेपर्यंत वर्गणी भरावीच लागते, तीही वाढलेल्या पूर्ण पगारावर. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. त्यामुळे वाढ 1 एप्रिलला दिली तर आधीच्या हंगामाच्या वर्गणीवर उपचार डिसेंबरपर्यंत, 1 मेला दिली तर नव्या हंगामाच्या वर्गणीवर पुढच्या जूनपर्यंत! ओव्हरटाइमचं तर आणखी वेगळं: तेव्हाच्या नियमाने त्यावर वर्गणी कापायची, पण मर्यादा मोजताना तो धरायचा नाही. हे कन्सल्टंटला ठाऊक नसेल असं मी मानत नाही. रोखीचा रस्ता सांगायला सोपा, एवढंच.

गणित मांडून दाखवलं तेव्हा तो मेच्या वाढीला तयार झाला. उठता उठता विचारलंच, "आणि जूननंतर?"

ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडील घ्यायचे तर हप्ता आमच्या पगारवाढीच्या सगळ्या बजेटवर जात होता. 2024 उजाडल्यावर तो पुन्हा आला, लेखी अर्ज घेऊन: पगार 20,900 करावा, माझी तक्रार नाही. त्याच्याच हाताखाली शिकलेली दोन पोरं तोवर 22,000 च्या पुढे होती. मी नाही म्हटलं. त्याच्या बाजूने पाहिलं तर तो अर्ज अगदी शहाणपणाचा होता, हे मला आजही खोडता येत नाही.

आता डायलिसिस एका धर्मादाय केंद्रात चालतं. अर्धा खर्च कंपनी उचलते, आणि कन्सल्टंट दर महिन्याला विचारतो की ही रक्कम पगारात धरायची का.