लॅटरलस ड्रम्सवर, आठवडा ११: ९-८-७ बसलं एकदाचं

मंडळी, टूल या अमेरिकन रॉक बँडचा लॅटरलस अल्बम मी ड्रम्सवर शिकतोय, मागच्या वेळी लिहिलेलं की त्यातलं स्किझम हे गाणं ८० बीपीएमला (मिनिटाला ८० ठोके) अडकलंय, तर ते सुटलं. काल रात्री प्रॅक्टिस पॅडवर ९६ ला सलग चार वेळा न तुटता वाजवलं आणि तेही क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) बंद ठेवून. मूळ स्पीडला अजून थोडं बाकी आहे पण आता ते फक्त हाताचं काम आहे.

अडत कुठे होतं तर मी यातले ५ आणि ७ चे बार (ठोक्यांचे गट) वन टू थ्री असे इंग्रजीत मोजत होतो. 'सेव्हन' म्हणायला दोनदा जीभ हलते, बरोबर तिथेच दर वेळी मागे पडायचो. मग मोजणंच सोडलं, तीन दिवस स्टिकला हात लावला नाही, नुसती मांडीवर टाळी देत पढंत केली, म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हटले, ५ ला तकतकिट आणि ७ ला तकिटतकधिमी. बेरीज १२, म्हणजे मात्रा एकतालाच्याच, पण एकतालाचे खंड दोन-दोनचे आणि इथे पाचावर वळायचं, त्यामुळे लहानपणी तबला शिकलेल्यांना सुरुवातीला उलट जास्त जड जाईल, मला गेलं.

आणि तबल्याचं नातं मी आपलं ओढूनताणून लावत नाहीये. टूलचा ड्रमर डॅनी कॅरी स्वतः आलोक दत्ता यांच्याकडे तबला शिकलाय, टूलच्या सॅलिवल या बॉक्स सेटमधल्या पुशिट गाण्याच्या लाइव्ह व्हर्जनमध्ये दत्ता स्वतः वाजवतायत. लॅटरलस २००१ चा अल्बम, जवळजवळ ७९ मिनिटांचा, आणि इतकी वर्षं ऐकूनही मला वाटतं की टूलचे ड्रम्स कळायला पढंत करणाऱ्याचा कान लागतो.

आता टायटल ट्रॅक, म्हणजे लॅटरलस हेच गाणं. कोरसमध्ये ९, ८, ७ असे बार एकामागून एक येतात, गाण्याचं आधीचं नावच ९-८-७ होतं, आणि ९८७ हा फिबोनाचीच्या रांगेतला (आधीच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा) सोळावा आकडा निघाला. शब्दांची अक्षरंही १, १, २, ३, ५, ८ अशी वाढत जातात. (ही रांग आपल्याकडे हेमचंद्रांनी फिबोनाचीच्या आधीच छंदांच्या हिशोबात मांडलेली. लघु एक मात्रा, गुरू दोन, मग ३ मात्रा ३ प्रकारे भरतात, ४ मात्रा ५ प्रकारे, ५ मात्रा ८ प्रकारे. करून बघा कागदावर, फार भारी वाटतं.)

वाजवायला मला हे कामी आलं: ९+८+७ म्हणजे २४, दोनदा वाजवलं की ४८, आणि ४८ म्हणजे १६ मात्रांच्या तीनतालाची बरोब्बर तीन आवर्तनं. मग अ‍ॅपवर तीनतालाचा लेहरा (आवर्तनाबरोबर फिरत राहणारी धून) लावला, अगदी संथ, आणि त्यावर प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला फक्त किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), बाकी काही नाही. अंतर एकेकाने कमी होत जातं, मध्ये लेहऱ्याची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) येऊन निघून जाते आणि तुम्ही भलतीकडेच असता, पहिले दोन दिवस भयंकर चुकलो, पण ४८ नंतर दोघं समेवर भेटतात ना तेव्हा अंगावर काटा येतो. तिसऱ्या दिवशी हाय-हॅट घातला, पाचव्या दिवशी स्नेअर. रविवारी जॅम रूममध्ये अ‍ॅकूस्टिक किटवर पूर्ण ९ मिनिटं २४ सेकंद एकदा शेवटपर्यंत गेलो, शेवटच्या भागात डावा हात जड झाला पण लय सुटली नाही.

पुढचे दोन आठवडे याच अल्बममधलं रिफ्लेक्शन. ११ मिनिटं टॉमवरचं काम आहे आणि हात राखून वाजवायचंय, जे मला स्पीडपेक्षा अवघड वाटतं. कोणी वाजवलं असेल तर प्लीज सांगा, फ्लोअर टॉमचं (जमिनीवर उभा राहणारा मोठा टॉम ड्रम) खालचं हेड, म्हणजे खालचा पडदा, वरच्यापेक्षा घट्ट ठेवलं की सैल? जॅम रूममधल्या १६ इंचीचा आवाज मला लवकर मरतोय असं वाटतं, तो घुमायला हवाय.