अंदाजपंचे बाई बेकिंग क्लासला जाते

गेली बावीस वर्षं मी स्वयंपाक करतेय आणि सगळा अंदाजाने. मीठ चिमटीने, पाणी नजरेने, तेल हात जाईल तसं, आणि कुणी माप विचारलं की "घाल गं बेताने" एवढंच तोंडातून येतं. घरचे मिटक्या मारत खातात त्यामुळे आपल्याला सगळं येतं असाच समज होता. फक्त केक. केक म्हटलं की माझं पितळ उघडं. दोन वर्षांत मोजून आठ केक केले आणि आठही मधे बसले, म्हणजे ओव्हनच्या काचेतून बघताना मस्त टम्म दिसायचे आणि बाहेर काढले की पाच मिनिटांत मधोमध खड्डा. मुलगी म्हणाली आई खड्ड्यात क्रीम भर, कुणाला कळणार नाही. भरलं. कळलं.

शेवटी क्लास लावला, आणि पहिलीच निवड चुकली. नाव नाही घेत, पण तो डेमो क्लास होता हे मला तिथे जाऊन बसल्यावर कळलं. चाळीसेक जणी खुर्च्यांवर, समोर टेबलामागे एक बाई भराभर करून दाखवतायत, सगळं आधीच मोजून वाट्यांमध्ये भरून ठेवलेलं, बॅटर ओव्हनमध्ये गेलं की खालून दुसरा तयार केक बाहेर. दोन तासांत चार प्रकार. प्रत्येकीला एक घास चवीला, झेरॉक्स आणि वर सर्टिफिकेट! मी हाताला मैदा न लागता बेकिंगमध्ये सर्टिफाइड झाले. घरी येऊन झेरॉक्स समोर ठेवून केक केला, नववा खड्डा.

त्यामुळे दुसरा क्लास बघताना मी फोनवरच उलटतपासणी घेतली. एका बॅचला किती जण, ओव्हन किती, पीठ आम्ही मळायचं का तुम्ही, बिघडलं तर परत करायला मिळतं का, आणि भांडी कोण घासतं. शेवटच्या प्रश्नावर पलीकडच्या मॅडम हसल्या आणि म्हणाल्या तुम्हीच. तिथेच मी नाव दिलं. आठ शनिवार, आठ जण, चार ओव्हन, आधी थोडं कुकिंग आणि मग बेकिंग असा कोर्स होता. मॅडमनी बरीच वर्षं बेकरीत रात्रपाळी केलेली, त्यामुळे बोलणं कमी आणि लक्ष चौफेर.

कुकिंगचे दोन शनिवार मी जरा तोऱ्यातच गेले, आपल्याला काय शिकवणार म्हणून. पहिल्या पाच मिनिटांत मॅडमनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली. चॉपिंग बोर्डखाली ओलं फडकं घाला म्हणजे बोर्ड सरकत नाही, डाव्या हाताची बोटं आत वळवा, नखं नाही तर बोटांची पेरं सुरीच्या पात्याला लागू देत. बावीस वर्षं मी बोटं सरळ ठेवून कापतेय आणि अंगठ्यावर खुणांची रांगोळी आहे. मग मशरूम परतायला दिले, मी सगळे एकदम पॅनमध्ये ओतले आणि ते आपल्याच पाण्यात शिजत बसले, पांढरेफटक. शेजारच्याने तीन वेळा थोडे थोडे टाकले, त्याचे खरपूस तपकिरी. पाणी आहे तोवर पॅन १०० अंशांच्या वर जात नाही आणि असा खरपूस रंग यायला १४० च्या आसपास लागतात, एवढं साधं. त्याला मायार रिअ‍ॅक्शन म्हणतात, १९१२ साली मायार नावाच्या फ्रेंच केमिस्टने मांडलेली, हे आमच्या बॅचमधल्या काकांनी वहीत लाल पेनने लिहून घेतलं. काका रिटायर्ड, सगळं लिहून घ्यायचे, भांडी घासायचा क्रमसुद्धा.

आता मुख्य गोष्ट. तिसरा शनिवार, बेकिंगचा पहिला दिवस. मॅडम म्हणाल्या, "कुणी काही करायचं नाही, फक्त एक कप मैदा मोजून माझ्याकडे आणा." आठ जण, आठ सारखेच कप, एकच पिशवी. मी नेहमीसारखा कप पिशवीत खुपसला, ओट्यावर दोनदा आपटला, वरून हात फिरवला. मॅडमनी एकेक कप वजनकाट्यावर पालथा केला. माझा १५२ ग्रॅम. माझ्या टेबलावरच्या कॉलेजच्या पोराने चमच्याने हळूहळू भरून वरून सुरीने सपाट केला होता, त्याचा ११८. बाकीचे मधे कुठेतरी. म्हणजे रेसिपीत दोन कप लिहिलं असेल तर त्याच्यापेक्षा माझ्या केकमध्ये ६८ ग्रॅम मैदा जास्त, अर्ध्या कपाहून जास्त! आणि त्यात कुणाचा कप २४० मिलीचा तर कुणाचा २५० चा, ते वेगळंच. पोरगा मला म्हणाला, "काकू, तुम्ही तर काँक्रीट करत होतात." मला हसू आलं पण आतून जरा लागलंच, कारण माझा आपटलेला कप म्हणजे माझा हात होता ना, इतक्या वर्षांचा.

त्या दिवसापासून वजनकाटा. पाणीसुद्धा ग्रॅममध्ये. चमचे मात्र मापाचे, टीस्पून ५ मिली आणि टेबलस्पून १५, आणि घरातला चहाचा चमचा हा टीस्पून नसतो हे आम्ही पाणी भरून बघितलं, माझ्याकडच्या दोन चमच्यांत जवळजवळ दुपटीचा फरक निघाला. सोडा त्याच चमच्याने घालत होते मी.

सोड्याचं पण माझं अज्ञान अगाध होतं. सोडा आणि बेकिंग पावडर हे मला सख्ख्या बहिणी वाटायच्या, एक संपली की दुसरी. मॅडमनी दोन वाट्या ठेवल्या, एकीत सोडा आणि साधं पाणी, काही नाही, ढिम्म. दुसरीत पावडर आणि साधं पाणी, फसफसलं. सोड्याला आंबट काहीतरी लागतं, दही, लिंबू, व्हिनेगर. पावडरीत ते आंबट आधीच कोरडं मिसळलेलं असतं आणि सोबत ओल शोषायला स्टार्च. सोडा साधारण तिप्पट जोरदार. म्हणजे मी पावडरीच्या जागी तेवढाच सोडा घालायचे तेव्हा केक आधी भसकन फुगायचा, त्याला स्वतःचं वजन पेलायचं नाही आणि मग बसायचा, वर तोंडात साबणाची चव. बेकिंग पावडर १८४३ मध्ये आल्फ्रेड बर्ड नावाच्या इंग्रज माणसाने काढली कारण त्याच्या बायकोला यीस्ट चालायचं नाही. अंडं पण चालायचं नाही म्हणून बिनअंड्याचं कस्टर्ड त्याने आधीच काढून ठेवलं होतं. बायकोसाठी एवढं करणारा नवरा, बॅचमधल्या सगळ्या बायका क्षणभर शांत.

लोणी आणि साखर फेटायचं कारणही तिथेच कळलं. मी घाईत लोणी वितळवून टाकायचे, सगळं एकजीव झालं की झालं. पण साखरेचे कण मऊ लोण्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकवतात आणि पावडर नवीन बुडबुडे करत नाही, असलेलेच फुगवते. वितळलेल्या लोण्यात हवा अडकणार कुठे. बोट दाबलं की खड्डा पडायला हवा पण बोटाला तेल सुटता कामा नये, इतपतच मऊ.

एवढं सगळं करून क्लासमध्ये माझा केक सपाट, सुंदर, मधे खड्डा नाही. घरी तोच केक, तेच ग्रॅम, आणि परत खड्डा! मी पुढच्या शनिवारी रडवेली. मॅडमनी विचारलं ओव्हनमध्ये थर्मामीटर ठेवलाय का. मी म्हटलं ओव्हनला नॉब आहे की. म्हणाल्या नॉबवर विश्वास ठेवू नका, आत टांगायचा छोटा थर्मामीटर आणा. आणला. नॉब १८० वर आणि आत १५०. दिवा विझला की मी प्रीहीट झालं समजून टिन आत सरकवायचे, तेव्हा तर १३० सुद्धा नसायचं. पंधरा मिनिटं जास्त तापू दिल्यावर आणि नॉब २१० वर नेल्यावर आत १८० आले. म्हणजे दोन वर्षं मी कच्चे केक बाहेर काढत होते आणि दोष कधी अंड्यांना, कधी मैद्याला, एकदा तर मोजे न घालता ओव्हनपाशी आलेल्या नवऱ्याला दिला होता. (काकांचं उलटं झालेलं, त्यांनी रेसिपीतलं ३५० वाचून ओव्हन शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवला होता, ते फॅरनहाइट होतं, सेल्सिअसमध्ये साधारण १७५.)

मग ब्रेड. चार शनिवार ब्रेड आणि मला विचाराल तर तेच खरे.

हिशोब सोपा, मैदा नेहमी १०० टक्के आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यात. पाणी ६५, मीठ २, इन्स्टंट यीस्ट १. म्हणजे ५०० ग्रॅम मैद्याला ३२५ पाणी, १० मीठ, ५ यीस्ट. मी ऑफिसात दिवसभर आकडेच बघते त्यामुळे हे मला भारी आवडलं. पण पीठ हातात घेतलं आणि आकडे विसरले. पहिली पाच मिनिटं ते सगळीकडे चिकटतं, बोटांच्या मधे, अंगठीत, मनगटापर्यंत, आणि हात आपोआप कोरड्या मैद्याकडे जातो. मॅडम मागूनच म्हणाल्या, "मैदा घ्यायचा नाही. मळत राहा." तळव्याने पुढे ढकल, दुमड, फिरव, परत ढकल. आठव्या मिनिटाला काहीतरी होतं. सांगता येत नाही नीट, पण मघाशी चिखल होता तो एकदम गोळा होतो, हाताला सोडतो, आणि दाबलं की उलट दाबतो. बारा मिनिटांनी एक तुकडा तोडून दोन्ही हातांनी हळूहळू ताणायचा, इतका की मागचा दिवा त्यातून दिसेल आणि तरी फाटायचा नाही. माझा फाटला, अजून तीन मिनिटं मळला, मग दिसला दिवा. तिथे मी खरंच "आई गं" म्हणाले मोठ्याने.

घरी मात्र ब्रेड तीनदा वाया. पहिल्यांदा यीस्ट लवकर उठावं म्हणून चांगलं कढत पाणी ओतलं, ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरतं, तर तो गोळा दोन तास तसाच बसला माझ्याकडे बघत. पाणी कोमट म्हणजे मनगटावर थेंब टाकला तर ना गरम ना गार. दुसऱ्यांदा रेसिपीत एक तास लिहिलं म्हणून एक तासाने भाजला, पण त्या दिवशी हवा गार होती, आतून घट्ट वीट. तिसऱ्यांदा उकाड्यात तोच एक तास ठेवला तर पीठ भांड्याबाहेर, ओव्हनमध्ये जाताच फुस्स. मॅडमना फोटो दाखवले तर म्हणाल्या, "घड्याळाकडे बघू नका, पिठाकडे बघा." ओलं बोट दाबायचं, खळगा लगेच भरून आला तर वेळ आहे, हळूहळू अर्धवट भरला तर ओव्हनमध्ये टाका, भरलाच नाही तर उशीर झाला.

मी म्हटलं अहो मॅडम, तीन आठवडे तुम्ही मला अंदाज सोडायला लावलात आणि आता बोट लावून बघा म्हणताय. त्या म्हणाल्या, "वजन काट्याने. वेळ बोटाने." काकांनी लाल पेनने लिहून घेतलं.

चौथा ब्रेड जमला, मधे थर्मामीटर खुपसला तर ९५ दाखवला, खालून टकटक केलं तर पोकळ आवाज. गरम कापायचा नाही, तासभर तरी थांबायचं, नाहीतर आतून चिकट लागतो, हे माहीत असून आम्ही वीस मिनिटांत कापला. चिकट होता. संपला.

शेवटच्या शनिवारी बन होते. तेच ५०० ग्रॅमचं पीठ, एकूण ८४०, त्याचे बारा बन म्हणजे प्रत्येकी ७० ग्रॅम. आम्ही गोळे तोडायला घेतले आणि आमच्या टेबलचा वजनकाटा बंद पडला, बॅटरी संपली, बाकीचे काटे त्या-त्या टेबलांना लागत होते. पोरगा म्हणाला आता काय, काका म्हणाले थांबा ताई, मी खाली जाऊन सेल आणतो. पीठ फुगत होतं. मी म्हटलं आणा तुम्ही, आणि हाताने तोडायला लागले. बाराही तोडून झाले तेव्हा काका धापा टाकत सेल घेऊन आले, आणि मॅडमनीच एकेक गोळा काट्यावर ठेवला. ७१, ६९, ७०, ७२, ६८... अकरा गोळे ६८ ते ७३ मध्ये. पोरगा तोंड उघडं टाकून बघत होता. बारावा निघाला ५८.

"हे काय?" मॅडम.

मी हात पुढे केले. उरलेलं अंगठीत आणि भांड्याला होतं.