थे त रोजच जाते

रविवार, नागपूर

आज पुन्हा रेल्वेगाड्यांचे फोटो काढायला बोरखेडीच्या पुढे, रुळांच्या पूर्वेला असलेल्या त्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन उभा राहिलो. गाडी पांदणीच्या तोंडाशी ठेवून दहा मिनिटे चालावे लागते आणि नोव्हेंबर सरता सरता दव इतके पडते की पोचेपर्यंत पँट गुडघ्यापर्यंत ओली होते. एका अंगाला फुटलेली पऱ्हाटी (कपाशी), दुसऱ्या अंगाला पिवळ्या फुलोऱ्यावर आलेली तूर, समोर नागपूर–वर्ध्याचे दोन रूळमार्ग. सकाळचे ऊन आपल्या पाठीमागून डब्यांच्या अंगावर पडते, म्हणून ही जागा मला इतर सर्व जागांहून अधिक प्रिय आहे.

रेल्वेच्या हद्दीत मी पाऊल टाकत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार विनापरवाना आत शिरणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे तर आहेच. पण कॅमेऱ्याला डोळा लावलेल्या माणसाला समोरून येणारी गाडी नेमकी किती जवळ आली आहे याचा अंदाज राहत नाही, हे मला त्याहून मोठे कारण वाटते. शिवाय वरच्या तारेत २५,००० व्होल्ट दाबाची वीज असते. धुऱ्यावरून पऱ्हाटीसकट जे दिसते, तेच मला हवे असते.

वावराचे मालक वेचणीला आले होते. त्यांची परवानगी मागील वर्षीच घेतलेली असली, तरी दर वेळी पुन्हा विचारतो. "उभे राहा न भाऊ," ते म्हणाले, "कोनत्या गाडीची वाट पाहून राहिले जी?" मुंबईहून येणाऱ्या विदर्भ एक्सप्रेसची, असे मी सांगितले. त्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवून, दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेवर नजर लावून मी तयार होतो. आपल्याकडे गाड्या डाव्या मार्गाने धावतात, त्यामुळे नागपूरकडे येणारी गाडी या ठिकाणी पलीकडच्या रुळावर असते. विदर्भचा भोंगा ऐकू आला, आणि नेमक्या त्याच क्षणी अलीकडच्या रुळावरून कोळशाची रिकामी मालगाडी खडखडत वर्ध्याकडे निघाली. एक्सप्रेस तिच्या आड आली आणि गेली. मधल्या फटींतून निळसर काहीतरी सरकल्यासारखे दिसले, तेवढेच.

माझी निराशा पाहून वावराचे मालक काका म्हणाले, "मंग हिचाच काढाचा होता न. का थे त रोजच जाते म्हनून नाही काढला?"

त्या प्रश्नाने मला थेट नागपुरातल्या इतवारी स्थानकाच्या फलाटावर नेऊन उभे केले. इतवारी–नागभीड ही अवघ्या ७६२ मिलिमीटर रुंदीची छोटी लाइन १९०८ पासून उमरेड, भिवापूरकडची माणसे नागपूरला आणत होती. ती गाडीही रोजच जात असे. मी तिच्यातून कितीदा तरी प्रवास केला, उमरेडच्या बाजूला शेतांमधून ती सावकाश जाताना पाहिली, आणि पुढच्या हिवाळ्यात नीट फोटो काढू, असे म्हणत राहिलो. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी ती लाइन बंद झाली. माझ्याकडे तिचे तीन फोटो आहेत. त्यांपैकी दोन हललेले आहेत. मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात छोटी इंजिने जपून ठेवली आहेत, याचे मोल मी जाणतो. पण इंजिनाच्या मागची तूर, फाटकावर थांबलेली बैलगाडी आणि पायरीवर बसून येणारी माणसे कोणत्याही संग्रहालयात ठेवता येत नाहीत.

मग मी थांबलो. साधारण तासाभराने वर्ध्याकडून भरलेली मालगाडी आली. रिकामी गाडी कानाला कळते, भरलेली आधी पायाला कळते. धुऱ्याची माती हलकेच थरथरू लागते. पुढे नागपूरच्या अजनी इंजिन शेडचे डब्ल्यूएजी-९ जातीचे, ६,१२० अश्वशक्तीचे हिरवे इंजिन, अंगावर पिवळसर पट्टा, काचेवर धूळ. या वेळी मी इंजिन चौकटीत मोठे घेतले नाही. पुढे पऱ्हाटीच्या दोन ओळी, मध्ये ओटीत कापूस धरून वाकलेले काका आणि मागे चंद्रपूरकडचा कोळसा घेऊन जाणारी डब्यांची लांबलचक रांग, असे चित्र जमले. शेवटचा डबा जाईपर्यंत बोंडांतून सुटलेले कापसाचे धागे वाऱ्याने एकाच दिशेला ताणलेले होते आणि तो गेल्यावर एकेक करून खाली आले.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला तेव्हा काकांनी गाडीकडे पाहिलेच नाही. "वावर पुरं आलं का जी त्याच्यात?" त्यांनी विचारले. उजवीकडचा तुरीचा कोपरा सुटला होता. पुढच्या रविवारी थोडा मागे सरकून, तो कोपरा घेऊन पुन्हा काढायचा आहे, आणि या फोटोच्या दोन प्रती छापून त्यातली एक त्यांना द्यायची आहे.