ऐसपैस हौदा

पिकअपचा हौदा पाहिला की सामान लादणाऱ्याला उगाच धीर येतो. एवढी जागा, त्यात स्कीची, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्यांची, एक जोडी ती काय! ठेवली, फाळका लावला, निघालो. पण स्कीचा घात करते ती ही मोकळी जागाच. लहान गाडीत त्या कोंबाव्या लागतात, म्हणून जागच्या हलत नाहीत. हौद्यात मात्र त्यांना रान मोकळं मिळतं. वळण आलं की या बाजूचा पत्रा, ब्रेक लागला की पुढचा.

त्यातून जोडीतल्या दोघी एकमेकींच्या पक्क्या वैरिणी. स्कीच्या कडेला धारदार पोलादी पट्टी असते आणि तळ असतो प्लास्टिकचा. एकीची धार दुसरीच्या तळावर घासत राहिली की तिथे चरे पडतात, आणि धार धारेवर आपटली तर खाचा. खाच डोळ्यांना पटकन दिसत नाही. कडेवरून अलगद नख ओढावं, कुठेतरी ते बारीकसं अडखळतं. कडक बर्फावर वळताना पकड सुटते ती अशाच ठिकाणी.

बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीला बाइंडिंग म्हणतात. जोडीचे तळ एकमेकांना भिडवले की या बाइंडिंगच्या ब्रेकचे दांडे एकमेकांत अडकतात आणि जोडी धरून राहते. हातात घेऊन चालण्यापुरतं हे ठीक. स्कीला मधे कमान असते, त्यामुळे जोडी टेकते ती टोकाजवळ आणि शेपटीजवळ. तिथेच, दोन्ही तळांच्या मधे रबर येईल असा एकेक पट्टा बांधला की घासणं थांबतं.

मग प्रश्न लांबीचा. पूर्वी उतारावरच्या स्की दोन मीटरच्या घरात असत. 1990 च्या दशकात मधे बारीक, टोकांना रुंद अशा स्की आल्या आणि लांबी घटली. तरी साडेपाच फुटी हौदा जेमतेम 168 सेंटिमीटर भरतो, म्हणजे उंच माणसाची स्की तिरपीच ठेवावी लागते. फाळका उघडा टाकून शेपट्या बाहेर लोंबकळत नेणारे महाभाग दिसतात. मागच्या गाडीवाल्याचा जीव टांगणीला. तिरपी ठेवा, टोक पुढच्या भिंतीला टेकवा आणि दोन ठिकाणी न ताणणाऱ्या पट्ट्यांनी हौद्यातल्या कड्यांना आवळा. हूकवाली रबरी दोरी इथे कामाची नाही. खड्डा आला की ती ताणते आणि स्की उडी मारून घेते.

बर्फाळ रस्त्यांवर मीठ टाकतात, कारण खारट पाणी शून्याच्या खाली गेलं तरी लगेच गोठत नाही. तोच खारट, वाळूमिश्रित चिखल उडून उघड्या हौद्यात येतो. पोलाद गंजतं ते एकवेळ घासून काढता येईल. खरी धास्ती बाइंडिंगची. पडल्यावर ठरावीक जोर येताच त्याने बूट सोडायचा असतो, सगळी भिस्त आतल्या स्प्रिंगांवर. तिथे मीठ आणि कचकच जाऊन बसली तर ते वेळेवर सुटेल याचा भरवसा उरत नाही, आणि किंमत गुडघ्याला मोजावी लागते. म्हणून निदान बाइंडिंगवर तरी आवरण हवंच. नुसती ताडपत्री टाकणार असाल तर तीही चारी बाजूंनी बांधा, नाहीतर वारा तिला धरून फडफडवत बसेल.

एवढा व्याप करण्यापेक्षा स्की आत, हीटरच्या उबेत घ्याव्यात असं वाटेल. माझं मत विरुद्ध आहे. एक तर जोराचा ब्रेक लागल्यावर ती धारदार वस्तू आपल्या मानेमागे नको. शिवाय उबदार तळ बर्फावर टेकला की खालचा बर्फ वितळतो, लगेच पुन्हा गोठतो आणि तळाला चिकटून बसतो. थंड हौद्यातून आलेली स्की पहिल्यापासून घसरते. आतली जागा बुटांची. गारठलेल्या प्लास्टिकच्या बुटात पाय घालणं म्हणजे कुस्तीच, तेव्हा बूट हीटरजवळ ठेवावेत, सोबत्याने पाय आखडायची कुरकुर केली तरी.

परतीला स्की ओल्या असतात. पिशवीत बंद करून रात्रभर तशाच ठेवल्या तर सकाळी धारेवर नारिंगी ठिपके हमखास. घरी पोचल्यावर बाइंडिंगवरचं मीठ ओल्या फडक्याने टिपून, कडा कोरड्या पुसून, जोडी सोडवून वेगवेगळी उभी करावी. जेवण नंतर.