मंडळाची वर्गणी आणि एक ऑक्टोबर

आमचं आकाशदर्शन मंडळ साताऱ्याकडचं, शंभर-सव्वाशे सभासदांचं. २०२४ च्या एप्रिलअखेर खजिनदाराचं काम माझ्याकडे आलं आणि सोबत एक रजिस्टर. त्यात प्रत्येक नावापुढे वेगळी तारीख. जो ज्या दिवशी सभासद झाला, त्या दिवसापासून त्याचं वर्ष धरायचं अशी पहिल्यापासूनची पद्धत. २१ डिसेंबर २०२० ला गुरू-शनी अगदी खेटून दिसले, तेव्हा आलेल्यांची मुदत डिसेंबरात संपायची. उन्हाळी शिबिरातून आलेल्या मुलांची मे महिन्यात.

म्हणजे वर्गणीची आठवण बाराही महिने. यूपीआयवर सहाशे रुपये जमा व्हायचे, पण ते कोणाचे आणि कशाचे, हे फोन केल्याशिवाय कळायचं नाही. त्यात जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेलं, कार्यक्रम बंद. त्या चार महिन्यांत मुदत संपणारे हमखास गळायचे. मंडळावर त्यांचा राग नसायचा. भेटच होत नाही, तर वर्गणी आठवणार कशी?

मला हे खरं टोचलं ते ऑगस्टमधल्या वार्षिक सभेत. मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेलं आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकली असेल, तर मत देता येत नाही. मंडळाच्या स्थापनेपासून असलेल्या एका काकांनी ठरावाला हात वर केला आणि मला रजिस्टर बघून सांगावं लागलं, की तुमची मुदत एप्रिलमध्येच संपली आहे. "मला कोणी सांगितलंच नाही रे," एवढंच म्हणून त्यांनी हात खाली घेतला. चूक आमची होती. खजिनदार बदलण्याच्या गडबडीत त्यांना आठवण करणं राहून गेलं होतं.

सगळ्यांची मुदत एकाच दिवशी संपावी, यावर कार्यकारिणीत वाद नव्हता. वाद तारखेवर झाला. बहुतेकांचं म्हणणं एक एप्रिल, कारण हिशेबाचं वर्ष तेच. मी अडून बसलो. एप्रिलमध्ये आमचा हंगाम संपत आलेला असतो, पावसाआधी एखाद-दुसरी अमावस्या हाती असते. मिटायला आलेल्या आभाळासाठी माणूस सहाशे रुपये का काढेल? ऑक्टोबरात पाऊस परततो, दिवाळीच्या सुमाराची अमावस्या समोर असते, लोक स्वतःच विचारतात, "यंदा कधी जायचं?" वर्गणी मागायची तर तेव्हाच.

हिशेबाची अडचण आमच्या लेखापरीक्षकांनी पाच मिनिटांत सोडवली. आर्थिक वर्ष एप्रिल-मार्चच ठेवायचं. ऑक्टोबरात आलेल्या सहाशेतले तीनशे पुढच्या एप्रिल ते सप्टेंबरचे, म्हणून ३१ मार्चच्या ताळेबंदात ते देण्याच्या बाजूला 'आगाऊ मिळालेली वर्गणी' म्हणून दाखवायचे. बस्स.

खरं काम जुन्या तारखा जुळवण्याचं. जानेवारी २०२५ मध्ये ठराव केला: महिन्याला पन्नास रुपये धरून प्रत्येकाला ३० सप्टेंबरपर्यंत आणायचं. जानेवारीअखेर मुदत संपणाऱ्याने आठ महिन्यांचे चारशे भरले. जुलै ते सप्टेंबरमध्ये संपणाऱ्यांकडून काहीच घेतलं नाही. शंभर रुपयांसाठी एकदा आणि लगेच सहाशेंसाठी पुन्हा त्यांच्या दारात जायचं, हे मला पटेना. ज्यांची मुदत नोव्हेंबरअखेरपर्यंत होती, त्यांनी ऑक्टोबरात पुढच्या दहा महिन्यांचेच पाचशे दिले. नवीन सभासदासाठी एप्रिलपासून निम्मी वर्गणी ठेवली, आणि जुलैनंतर येणाऱ्याने पूर्ण भरली तर ती थेट पुढच्या वर्षाच्या सप्टेंबरअखेरपर्यंत चालते. दोन रविवार बसून प्रत्येकाला त्याचा आकडा फोनवर स्वतः सांगितला. ग्रुपवर एकच मेसेज टाकून हे झालं नसतं, प्रत्येकाची रक्कम वेगळी होती.

आता सप्टेंबरच्या मध्याला एक आठवण, एक ऑक्टोबरला दुसरी, आणि दिवाळीनंतर उरलेल्यांना फोन. ऑगस्टच्या सभेत कोणाला मत आहे, हे कित्येक महिने आधी पक्कं झालेलं असतं.

त्या ऑक्टोबरची पहिली पावती काकांच्या नावाने फाडली. २२ नोव्हेंबरच्या शनिवारी ते पठारावर आले, अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावून. शनीची कडी त्या दिवसांत आपल्याला जवळजवळ काठावरून दिसत होती, बिंबाला आडवी टोचलेली सुईच जणू. काका दुर्बिणीला बराच वेळ डोळा लावून होते. मागे रांग होती, पण कोणी घाई केली नाही.